पाच मुलांचा प्रकल्प एकटी आई का करते?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मुलगा सातवीत आहे. पाच मुलांच्या गटाला पावसाचं पाणी साठवण्यावर प्रकल्प दिलाय. गेल्या वेळचं पुठ्ठ्याचं मॉडेल मीच रात्री बारापर्यंत बसून केलं. गटातला एक मुलगा तर नुसता बसून असतो. त्याचे वडील प्लंबर आहेत, घरी अभ्यासात मदत करणारं कुणी नाही. इकडे ऑफिसात मी नऊ जणांची टीम सांभाळते. दर सोमवारी 'नव्या कल्पना सांगा' अशी बैठक असते आणि तिच्यात दोघंच बोलतात. सहकार्य, सर्जनशीलता हे शब्द शाळेत ऐकते, ऑफिसातही ऐकते. त्यात खरंच काही आहे का?"

ताई, तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. मी आधी १९ वर्षं भोसरी आणि चाकण भागातल्या कारखान्यांत होतो. त्यातली बरीचशी वर्षं क्वालिटी सर्कलचा, म्हणजे आपल्याच कामातल्या अडचणी सोडवणाऱ्या कामगारांच्या गटांचा, समन्वयक म्हणून काढली. नंतरची ११ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांबरोबर गेली. मशिन शॉपमध्ये आणि सहावी-सातवीच्या वर्गात मी एकच चूक पुन्हा पुन्हा पाहिली, स्वतः केलीही. माणसं एकत्र बसवली की सहकार्य आपोआप होतं, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव सांगतो की ते माणसांच्या स्वभावापेक्षा कामाच्या वाटणीवर जास्त अवलंबून असतं. प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे नसलेलं काही तरी आहे आणि त्याच्यावाचून बाकीच्यांचं अडतं, अशी वाटणी असेल तर अबोल माणसंही बोलू लागतात. तशी नसेल तर चांगल्या, समजूतदार माणसांचीही तुमच्या सोमवारच्या बैठकीसारखीच गत होते.

आधी तुमच्या शंकेला दुजोरा देतो. गटात माणूस कमी जोर लावतो, हे फार जुनं निरीक्षण आहे. माक्सिमिलियाँ रिंगेलमान नावाचे एक फ्रेंच कृषी अभियंते होते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ मध्ये ते आकडे प्रसिद्ध केले. एकट्याने ओढताना लागणारा जोर १०० धरला, तर दोघं असताना प्रत्येकी ९३, तिघं असताना ८५ आणि आठ जण झाले की प्रत्येकी ४९. आठ माणसं मिळून चौघांएवढंच ओढत होती. शाळेच्या मैदानावर रस्सीखेच खेळलेल्या कुणालाही यातलं एक कारण लगेच कळेल: सगळ्यांचा हिसका एका क्षणी बसत नाही. दुसरं कारण मात्र मनातलं आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग डोळ्यांना पट्टी बांधून झाला. ओढणाऱ्याला वाटत होतं की मागे आणखी माणसं जोर लावताहेत. खरं तर एकटा तोच ओढत होता, तरी त्याचा जोर उतरला. पुढे १९७९ मध्ये बिब लाटाने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच दाखवलं. दोन वर्षांनी त्यांनीच आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची तीच आहे. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितलं, की ही ढिलाई नाहीशी होते.

तुमच्या मुलाच्या गटातला तो मुलगा आळशीच असेल असं धरू नका. आपल्या हातचं काही मोजलंच जाणार नाही, एवढं त्याला कळलेलं असतं. मुलांना ते आपल्या आधी कळतं.

आपल्याकडे श्रावणी सोमवारी खुलभर दुधाची कहाणी सांगतात. राजाने हुकूम काढला की गावातलं सगळं दूध देवळात आणून गाभारा भरायचा. लेकरंवासरं उपाशी राहिली, पण गाभारा काही भरेना. मग घरच्या पोराबाळांना, वासरांना पोटभर पाजून एक म्हातारी उरलेलं खुलभर दूध घेऊन आली, तिने ते वाहिलं आणि गाभारा भरला. लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा. पुढे आमच्या कारखान्यात 'प्रत्येक कामगाराने महिन्याला दोन सूचना द्यायच्याच' असा हुकूम निघाला. सूचनापेटी गच्च भरली. आत काय होतं? पंख्याची पाती पुसावीत, पाण्याच्या पिंपाजवळ पेला ठेवावा, जिन्यातला दिवा बदलावा. ज्या अडचणींपायी रोज माल वाया जात होता, त्यांच्याविषयी एक चिठ्ठी नाही. त्या दिवशी मला ती म्हातारी आठवली.

तुमच्या सोमवारच्या बैठकीचं मूळ ॲलेक्स ऑस्बर्न या अमेरिकन जाहिरातदाराकडे जातं. टीका करायची नाही, भरपूर कल्पना काढायच्या, वेड्यावाकड्या चालतील, दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली रचायची, हे नियम त्यांचे. १९५३ मधल्या त्यांच्या पुस्तकामुळे 'ब्रेनस्टॉर्मिंग' हा शब्द सगळीकडे पोहोचला. पाचच वर्षांनी, १९५८ मध्ये, येल विद्यापीठात हे तपासून पाहिलं गेलं. एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळं बसून विचार केलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या जवळजवळ दुप्पट भरल्या. १९८७ मध्ये दोन संशोधकांनी त्याचं मुख्य कारणही शोधलं. एक जण बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता आपल्या डोक्यातलं विरून जातं. पहिल्या बोलणाऱ्याने जी वाट धरली तीच मग सगळ्यांची होते, हे तुम्हीही दर सोमवारी पाहत असाल.

याचा अर्थ एकत्र येऊच नये असा मी घेत नाही. आधी एकट्याने आणि मग सगळ्यांनी मिळून, हा क्रम लागतो. तो कसा लागतो ते दोन प्रसंगांतून सांगतो, एक वर्गातला आणि एक शॉप फ्लोअरवरचा.

वर्गातल्या प्रसंगाआधी त्याचं मूळ सांगायला हवं. अमेरिकेतलं टेक्सास राज्य, ऑस्टिन शहर, १९७१. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि शाळांत हाणामाऱ्या होत होत्या. तिथल्या विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एलियट अरॉन्सन यांना बोलावलं गेलं. ते आणि त्यांचे विद्यार्थी काही दिवस नुसते वर्गात बसून राहिले. त्यांना दिसलं ते असं: बाई प्रश्न विचारतात, सहा-सात हात वर जातात, एकाला संधी मिळते, बाकीच्यांचे चेहरे पडतात, आणि ज्यांना येत नाही ती मुलं नजर चुकवतात. दुसऱ्याचं चुकलं तरच आपला फायदा, अशी त्या वर्गाची घडणच होती. अरॉन्सननी उपदेश केला नाही, धडा कापला. पाच-सहा मुलांचा गट केला, धड्याचे तेवढेच तुकडे केले आणि प्रत्येकाच्या हाती एकच तुकडा दिला. निरनिराळ्या गटांतली एकच तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करत, मग आपापल्या गटात परत येऊन बाकीच्यांना शिकवत. परीक्षा मात्र प्रत्येकाची वेगळी आणि संपूर्ण धड्यावर. एक मुलगा इंग्रजी बोलताना अडखळायचा, मुलं त्याला हसायची. आता तो हसण्याचा धंदा परवडेना, कारण धड्याचा एक भाग फक्त त्याच्यापाशी होता. मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली. या पद्धतीला ते 'जिगसॉ' म्हणाले. चित्राचे तुकडे जुळवण्याच्या खेळावरून पडलेलं हे नाव.

हे मी आंबेगाव तालुक्यातल्या एका लहान जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या सरांना सांगितलं. महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, आठ साधनतंत्रांमध्ये 'प्रकल्प' आहेच, त्यामुळे वर्गात प्रकल्प होत होते. पण बहुतेक प्रकल्प दुकानातून आणलेली चित्रं चिकटवलेल्या वह्या असत. सरांनी ठरवलं की या वर्षी विषय एकच, आपल्या गावाचं पाणी. पाच जणांच्या गटात पाच तुकडे. एकाने ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या शिपायाला भेटायचं: टाकी किती लिटरची, मोटर किती तास चालते. दुसरीने म्हाताऱ्यांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारायचं: कोणती विहीर तेव्हा आटली नव्हती. तिसऱ्याने हातहातभर अंतरावर गाठी मारलेल्या दोरीला दगड बांधून विहिरींचं पाणी मोजायचं. चौथीने घरोघरी रोज किती हंडे लागतात ते लिहायचं. पाचव्याने डोंगराकडचे झरे शोधायचे.

एका गटात झऱ्यांचं काम ठाकर समाजाच्या एका मुलाकडे आलं. वर्गात तो जवळजवळ बोलतच नसे. घरची बोली निराळी, तोंड उघडलं की कुणी तरी हसायचं. पण तो सुट्टीत शेळ्या घेऊन डोंगरावर जायचा. पहिल्या दिवशी त्याने सांगायला सुरुवात केली तेव्हा दोघं हसलेच. सर त्यांना रागावले नाहीत. म्हणाले, "नकाशात झरे नसतील तर तुमच्या पाचही जणांचा नकाशा अपुरा राहील. झरे याच्याशिवाय तुमच्यापैकी कुणाला माहीत आहेत?" थोडा वेळ शांतता. मग एका मुलीने विचारलं, "सगळे झरे मेपर्यंत असतात का रे?" तो म्हणाला, नाही. हा होळीला आटतो, तो खालचा अक्षय तृतीयेपर्यंत पुरतो, देवराईतला मात्र कधीच आटत नाही. मुलं सरसावून बसली. होळीच्या आधी की नंतर? त्या झऱ्याला गुरं पाणी पितात का? विहिरी मोजणाऱ्या मुलाला अचानक कळलं की देवराईच्या खालच्या अंगाची विहीर त्याच्या दोरीवर कमी का उतरत नव्हती.

पुढे जे झालं ते सरांच्याही योजनेत नव्हतं. पाणी तर दर सणाला बदलतं, मग नकाशा एकच कसा काढायचा, असा प्रश्न मुलांपुढे आला. त्यांनी गावाचा नकाशा कार्डशीटवर काढला आणि त्यावर बटर पेपरचे चार थर लावले: दिवाळी, संक्रांत, होळी, अक्षय तृतीया. त्या त्या सणाला जिथे पाणी असतं तेवढंच त्या थरावर निळं. एकेक कागद उलटत गेलं की गावातलं पाणी डोळ्यांदेखत कमी होत जातं. तो नकाशा ग्रामसभेत नेला तेव्हा मोठी माणसं बराच वेळ कागद मागेपुढे करत राहिली. बटर पेपरची युक्ती कुणाची, असं मी नंतर विचारलं. कुणालाच सांगता येईना. एक म्हणे ती, ती म्हणे हा, तिसरा म्हणे आम्ही बोलता बोलता. सर्जनशीलतेबद्दल मला कुणी विचारलं की मला तो नकाशा दिसतो. ती युक्ती त्या पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आधी नव्हती. पाच निराळ्या तुकड्यांना एकाच कागदावर जागा हवी होती आणि ती मिळत नव्हती, त्या अडचणीतून ती आली. पाचही जणांनी पुस्तकातला तोच उतारा उतरवून आणला असता तर अडचणच आली नसती, आणि युक्तीही सुचली नसती.

शेवटी सरांनी प्रत्येकाला दुसऱ्याच्या तुकड्यावर प्रश्न विचारले. हे फार महत्त्वाचं. हंडे मोजणारीला झऱ्यांबद्दल, शिपायाला भेटणाऱ्याला दुष्काळाबद्दल. त्यामुळे ऐकणंही मोजलं गेलं.

आता कारखाना. क्वालिटी सर्कल ही चळवळ जपानमध्ये १९६२ साली सुरू झाली, काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने. एकाच जागी काम करणाऱ्या सहा ते दहा माणसांनी आठवड्याला तासभर एकत्र बसायचं, आपल्याच कामातली एक अडचण निवडायची, आकडे गोळा करून कारण शोधायचं आणि उपाय करून पाहायचा. सामील होणं ऐच्छिक. भारतात १९८० मध्ये हैदराबादजवळ रामचंद्रपुरमच्या भेल कारखान्यात पहिलं सर्कल झालं आणि मग ती पुण्या-मुंबईच्या कारखान्यांतही पसरली.

आमच्याकडे ॲल्युमिनियमचं एक हाउसिंग, म्हणजे यंत्राच्या भागाचं कवच, बनायचं. मुख्य बोअरला, म्हणजे आतून कातलेल्या मोठ्या भोकाला, आडवं छेदणारं एक भोक होतं. ते ड्रिल केलं की आतल्या कडेला बर्र, म्हणजे धातूची धारदार कंगोरी, राहायचा, कधी चिप, म्हणजे कातलेल्या धातूचा किस, अडकून राहायची, आणि ग्राहकाकडून माल परत यायचा. सर्कलची चार आठवडे चर्चा चालली. माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती काढली. ड्रिल झिजलं, कूलंटचा दाब कमी, ऑपरेटरचा हलगर्जीपणा, हे सगळं ठरलेलंच तिच्यात आलं. बोलणारे तिघंच: सुपरवायझर, एक सीनिअर ऑपरेटर आणि मी. पाचव्या आठवड्याला मी कंटाळून प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली आणि सांगितलं, कारण लिहू नका. तुमच्या जागेवरून तुम्हाला जे दिसतं आणि दुसऱ्या कुणाला दिसत नसेल, ते लिहा. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही.

धुण्याच्या मशिनवर एक कंत्राटी हेल्पर होता. त्याच्या चिठ्ठीत एकच ओळ: "तोंड खाली करून ठेवलेले जॉब साफ येतात, तोंड वर असलेल्यांत किस राहतो." तो हे चार महिने पाहत होता. त्याला विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. इन्स्पेक्शनच्या ताईंनी लिहिलं होतं की नुसत्या डोळ्यांनी आडव्या भोकाची कड दिसतच नाही, त्या अंदाजानेच पास करतात. मशिनवरच्या पोराने लिहिलं, आडवं भोक आधी मारून मुख्य बोअर शेवटी फिनिश केला तर बर्र बोअरिंग बारच कापून नेईल ना? सीनिअर ऑपरेटर उडालाच, कारण त्या क्रमाकडे इतक्या वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. मग क्रम बदलला. मेंटेनन्सवाल्याने सळया वाकवून बास्केटमध्ये तिरप्या खुंट्या वेल्ड केल्या, म्हणजे जॉब उलटाच बसेल. ताईंना दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आणि टॉर्च आणून दिली. त्या तक्रारी थांबल्या. तिघांच्याही चिठ्ठ्या एकेकट्या अपुऱ्या होत्या. नुसता क्रम बदलून किस निघाला नसता, आणि बास्केट बदलून बर्र गेला नसता.

ही गोष्ट मी प्रशिक्षणात नेहमी सांगतो, पण तिचा उरलेला भागही तुम्हाला सांगायला हवा. तो सांगताना मला आजही त्रास होतो. त्या सुधारणेनंतर दुसऱ्यांदा धुण्याचं काम उरलं नाही. बचतीच्या तक्त्यात 'एक माणूस कमी' असं लिहिलं गेलं, आणि दुसऱ्या पाळीतल्या एका कंत्राटी मुलाला येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. त्या तक्त्यावर समन्वयक म्हणून माझी सही होती. क्वालिटी सर्कलच्या स्पर्धेत सादरीकरण झालं तेव्हा स्टेजवर इंजिनिअर होते. ती ओळ लिहिणारा हेल्पर कंपनीच्या पटावर नाही म्हणून त्याला नेलं नाही. चषक आला, कँटीनमध्ये गोड वाटलं. पुढचं वर्षभर त्या लाइनवरून एकही नवी चिठ्ठी आली नाही. मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटायचो आणि त्या कोऱ्याच परत यायच्या. माणसं बोलत नाहीत तेव्हा त्यांना सुचत नाही, असं आपण समजतो. त्यांना सगळं सुचत होतं. बोलल्यावर कुणाचं काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

म्हणून तुमच्यासारख्या टीम सांभाळणाऱ्यांना मी आधी हे विचारतो: गेल्या वर्षी ज्याने कल्पना दिली, त्याचं पुढे काय झालं? त्याचं नाव राहिलं का? ते जास्तीचं काम त्याच्याच गळ्यात पडलं का? तुमच्या टीममधल्या सात जणांनी याचं उत्तर मनात केव्हाच लिहून ठेवलेलं आहे. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या टीम अभ्यासल्या तेव्हा त्यांना सुरुवातीला कोडंच पडलं, कारण चांगल्या टीमच्या चुका जास्त नोंदलेल्या होत्या. मग उलगडा झाला की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, मोकळेपणाने सांगत होत्या. १९९९ मध्ये त्यांनी याच विचारावर, माणसाला न घाबरता बोलता यावं यावर, पुढचं काम प्रसिद्ध केलं.

माणसं तीच ठेवून फक्त कामाची रीत बदलली तर काय होतं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण मला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं वाटतं. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता आणि १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा उघडला, तेव्हा घेतलेले बहुतेक कामगार जुनेच होते. पण आता प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी होती. काही चुकतंय असं वाटलं की कामगाराने ती ओढायची, टीम लीडर धावत यायचा, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबायची. शिवाय मंदी आली तर आधी माणसं काढणार नाही, असा करारही होता. दोनेक वर्षांत तो कारखाना जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांत गणला जाऊ लागला. आमच्या लाइनवर चिठ्ठ्यांच्या रूपाने दोरी होती, करार नव्हता.

शाळा आणि काम यांच्यातली भिंतच काढून टाकण्याचा प्रयत्न आपल्या पुणे जिल्ह्यात झाला आहे, आणि त्याबद्दल मराठी पालकांना फार कमी माहिती आहे याची मला खंत वाटते. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून ते खेड्यात आले. मुलांनी हाताने करत शिकायचं, आणि जे करायचं ते गावातल्या कुणाला तरी खरोखर हवं असलेलं असायचं, असा त्यांचा आग्रह. वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, आरोग्य, सगळं त्यात आलं. हाच विचार पुढे 'आयबीटी' (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) या नावाने आठवी ते दहावीच्या अभ्यासक्रमात अनेक शाळांत गेला. २००२ मध्ये तिथे फॅबलॅबही, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळाही, सुरू झाली, अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. त्या पद्धतीतली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे मुलाने केलेल्या कामाला गिऱ्हाईक असतं. फाटकाला वेल्ड लावलं आणि ते तुटलं, तर फाटकाचा मालक सांगतो. तिथे आई रात्री बारापर्यंत बसून वेल्डिंग करून देऊ शकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत, त्यात मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार यांच्याबरोबर काम करावं असं म्हटलंय. तुमच्या शाळेत ते दिवस चित्रकला स्पर्धेत घालवतात की खरंच कुणाकडे नेतात, एवढं विचारा.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, कारण माझ्यासारखी माणसं उत्साहात ती विसरतात. सगळं गटात करायचं नसतं. पाढे एकट्यानेच पाठ करावे लागतात. वाचन एकट्याने. तुमच्या ऑफिसात कुणी अवघड हिशोब किंवा कोड लिहीत असेल तर त्याला दिवसातून तीन बैठकांना बोलावणं म्हणजे त्याच्याकडे गटात आणायला काही उरूच न देणं. गटात येताना प्रत्येकाच्या हातात स्वतः कष्टाने मिळवलेलं काही तरी हवं.

तर सोमवारची बैठक. ती बंद करू नका, पण 'नव्या कल्पना सांगा' हा विषय काढून टाका. एक ठोस अडचण घ्या, शक्यतो तुमच्या टीमच्याच कामातली. गुरुवारीच सगळ्यांना सांगा आणि प्रत्येकाकडून चार ओळी मागा: माझ्या जागेवरून मला काय दिसतं. सोमवारी सुरुवातीची दहा मिनिटं सगळ्यांनी एकमेकांच्या ओळी नुसत्या वाचायच्या. मग सगळ्यात कनिष्ठ माणसापासून बोलणं सुरू करा, तुम्ही शेवटी बोला. तुम्ही आधी बोललात तर बैठक तिथेच संपते, कारण पुढचे सगळे तुमच्याच वाक्याला होकार देतात. जी कल्पना करून पाहाल तिच्यावर ज्याची ती ओळ होती त्याचं नाव राहू द्या, आणि साहेबांसमोर ती त्यालाच मांडू द्या, भाषा कशीही असो. महिनाभर काहीच फरक दिसणार नाही. माणसं आधी तुमची परीक्षा पाहतील. तेवढा धीर धरा.

आणि मुलाचा प्रकल्प. वर्गशिक्षिकेला भेटून दोनच गोष्टी मागा: बांधणीचं काम शाळेतच, शाळेच्या वेळेत व्हावं, आणि शेवटी प्रत्येक मुलाला दुसऱ्याच्या भागावर तोंडी प्रश्न विचारावेत. बहुतेक शिक्षक याला नाही म्हणणार नाहीत. त्यांनाही आयांनी केलेली मॉडेलं ओळखू येतात. मग गटाचे पाच तुकडे करा. एकाने आपल्या इमारतीचं छप्पर फूटपट्टीने नाही, टेपने मोजायचं. एकाने नाशिकच्या पावसाचे आकडे काढायचे आणि छपराच्या क्षेत्रफळाने गुणून किती लिटर पडतं ते सांगायचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे त्यांना स्वतः शोधू द्या. एकाने सोसायटीत टँकरवर किती पैसे जातात ते सेक्रेटरीकाकांना विचारायचं. एकाने मुरवायचा खड्डा कसा भरतात, खाली मोठे दगड, मग खडी, मग वाळू, ते मातीच्या कुंडीत करून पाहायचं.

पाचवा तुकडा पाइपांचा. छपरावरचं पहिल्या पावसाचं घाण पाणी टाकीत जाऊ न देता बाजूला काढायची झडप असते. ती नेमकी कुठे बसवतात, किती उंचीवर, आणि तिच्यात कचरा अडकला तर काय करतात, हे पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही. ते त्या बसून राहणाऱ्या मुलाच्या घरी माहीत आहे. येत्या शनिवारी तुमच्या मुलाला आणि बाकीच्या तिघांना त्याच्या वडिलांच्या कामावर पाठवा. आधी फोन मात्र त्या मुलानेच वडिलांना करायचा, आणि वेळही त्यानेच ठरवायची.